गांगुर्डे सिस्टरांची सही

आमच्या कंपनीतून कोणाला आफ्रिकेला पाठवायचं म्हटलं की फाइलवर चार सह्या लागायच्या. त्यातल्या तीन मी चहा पिता पिता आणायचो. खातेप्रमुख फाइल उघडतसुद्धा नसत, एचआरवाले फोनवर बोलता बोलता सही करत, आणि जीएम साहेबांची सही मिळवायला त्यांच्या जेवणाची वेळ तेवढी सांभाळावी लागे. चौथी सही गेटजवळच्या दवाखान्यातल्या गांगुर्डे सिस्टरांची. ती झाल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, असा नियम होता. कागदावर तो कंपनीचा नियम होता. प्रत्यक्षात तो सिस्टरांनी केला होता, आणि कंपनीच्या हे बरंच उशिरा लक्षात आलं.

आम्ही नाशिकजवळ अंबडला साखर कारखान्यांचे बॉयलर बनवतो. युगांडा, टांझानिया, काँगो असे कुठेकुठे ते जातात, आणि तिथे जोडायला आमचेच फिटर-वेल्डर तीन-चार महिने जाऊन राहतात. मी एक्स्पोर्ट खात्यात. व्हिसा, तिकीट, विमा हे माझं काम. त्यामुळे सिस्टर मला नावाने हाक मारत नसत. "काय तिकीटवाले, आज कोणाला उडवताय?" असं विचारत. माणसांनाही त्या देशाच्या नावाने हाक मारत. "ए युगांडा, दात दाखवून आलास का?" "टांझानिया, उद्या उपाशी पोटी ये." स्वतः त्या विमानात कधी बसल्या नव्हत्या. पण भिंतीवरच्या आफ्रिकेच्या नकाशावर त्यांनी शाईने इतक्या खुणा केल्या होत्या की खालचा देश ओळखू येत नसे. कुठलं पाणी उकळून प्यायचं, कुठल्या महिन्यात रस्ता बंद असतो, कुठे हिंदी समजणारा औषधवाला आहे, सगळं तिथे होतं.

ठेंगणी मूर्ती, पांढरा कोट, केसांचा आवळून बांधलेला अंबाडा. कोणी आत आलं की त्या आधी त्याच्या पायांकडे बघत, मग तोंडाकडे. परदेशी जायचं म्हणून आमची मंडळी हमखास नवे कोरे बूट घेत. सिस्टर ते परत पाठवत. "हे महिनाभर इथे घाल. फोड यायचे ते अंबडला येऊ देत."

आमची पहिली गाठ पडली तेव्हा मी नवा होतो. तिघा फिटरांचं विमान सहा दिवसांवर होतं आणि मी मोठ्या उत्साहाने फाइल घेऊन गेलो.

"पिवळ्या तापाची लस?" त्यांनी विचारलं.

"विमानतळावर देतील की."

"विमानतळावर वडापाव देतात," त्या म्हणाल्या. मग मला खुर्चीवर बसवून, लहान मुलाला पाढा शिकवावा तसं शिकवलं. ही लस ठरावीक सरकारी केंद्रावरच मिळते, त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं, आणि घेतल्यावर दहा दिवस झाल्याशिवाय त्याचं पिवळं कार्ड धरलं जात नाही. सहा दिवसांत गेलेल्यांना तिकडचे अधिकारी विमानतळावरच अडवतील. मी तिकिटं आधीच काढून बसलो होतो.

जीएम साहेबांचा फोन आला. आवाज रिसीव्हरबाहेर ऐकू येत होता. सिस्टर तेव्हा एका हेल्परच्या कापलेल्या बोटाला पट्टी बांधत होत्या. त्यांनी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला, पट्टी पूर्ण केली, गाठ मारली, कात्रीने टोक कापलं, मग रिसीव्हर उचलला. "हं, बोला साहेब. झालं का?" तिकिटं बदलली. त्या दिवसापासून मी फाइल घेऊन आधी दवाखान्यात जायला लागलो.

निघायच्या आधीच्या आठवड्यात सिस्टर प्रत्येकाची बॅग तपासत. तपासणीच्या टेबलावर सगळं सामान ओतायला लावत. मच्छरदाणी आहे का, आणि ती घरी बांधून तिच्यात आठवडाभर झोपलास का? नाही झोपला तर परत. थर्मामीटर, मीठ-साखरेच्या पुड्या, मलेरियाच्या गोळ्या. गोळ्या डॉक्टर लिहून देत. ते आठवड्यातून दोनदा येत. "डॉक्टर लिहितात, मी गिळवते," असं सिस्टर म्हणत. रोज एक, निघण्याआधीपासून ते परत आल्यावर चार आठवडे. मग त्याच्या डोळ्यांवर, मोडलेला हात अडकवायच्या झोळीची पट्टी बांधून म्हणायच्या, "लाइट गेलीय, तुला थंडी वाजतेय. काढ थर्मामीटर." एका जाडजूड मिशांच्या सुपरवायझरने अशा वेळी बॅगेत हात घालून आधी कंगवा, मग खोबरेल तेल आणि शेवटी एक कांदा काढला. हा गडी कांद्याच्या विंचूरचा. तिकडे कांदा मिळेल न मिळेल म्हणून त्याने बॅगेच्या तळाला पाच-सहा किलो भरले होते. सिस्टरांनी एकेक बाहेर काढला आणि त्या जागी पाणी गाळायचं भांडं ठेवलं. कांदे दवाखान्यात राहिले. आम्ही महिनाभर भेळ खाल्ली.

परत आलेल्यांना त्या चार आठवडे दर सोमवारी फोन करत. गोळी घेतली का, ताप आहे का, एवढंच. आमच्या माणसांची एक खोड होती. ताप आला तर लपवायचे, कारण आजारी पडणाऱ्याला पुढच्या खेपेला नेणार नाहीत अशी भीती. सिस्टरांनी दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून लावलं होतं: आजारी पडायला मनाई नाही, उशीर करायला मनाई आहे. खाली जीएम साहेबांची सही घेतली होती. ती कशी घेतली, ते मला अजून कळलेलं नाही.

आता नामदेव भोयेची गोष्ट. तो आता ती स्वतःच सगळ्यांना सांगतो, आणि मी लिहू का विचारल्यावर "लिहा की, त्यात काय," म्हणाला. नाव मात्र मी बदललं आहे.

नामदेव सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा. बॉयलरच्या नळ्यांना तो जसं वेल्डिंग करायचा तसं करणारा दुसरा माणूस आमच्याकडे नव्हता. काँगोतल्या कारखान्यासाठी गिऱ्हाइकाने परीक्षा पास झालेला वेल्डर मागितला आणि नामदेवचं नाव लागलं. त्याच्या पाड्यावरून कोणी विमानात बसलेलं नव्हतं. लोकांनी त्याला हार घातला, नारळ दिला, नव्या बॅगेबरोबर फोटो काढले. तो फोटो त्याने मला किमान चार वेळा दाखवला.

तपासणीच्या दिवशी मी हिरव्या पडद्याच्या अलीकडे बसून पासपोर्टच्या झेरॉक्स लावत होतो. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"ही खूण कसली?"

"अपेंडिक्सचं ऑपरेशन, सिस्टर."

"अपेंडिक्स उजवीकडे खाली असतं. हा टाका पोटाच्या मधोमध वरपर्यंत गेलाय."

नामदेव हळूहळू सांगायला लागला. अठरा वर्षांचा असताना घाटात जीप उलटली. हा खाली सापडला. नाशिकला आणून पोट उघडलं, आत प्लीहा फुटली होती, ती काढून टाकली. "त्याला आता धा वरसं झाली. मला कायबी त्रास नाय. पण कामाला लागताना सांगितलं असतं तर ठेवलं असतं का मला?"

प्लीहा म्हणजे काय हे मला तोपर्यंत धड माहीत नव्हतं. डाव्या बरगडीखाली मुठीएवढी असते, आणि अंगात शिरलेल्या जंतूंशी लढायचं बरंचसं काम तिचं असतं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. ती नसलेल्या माणसाचा साधा तापसुद्धा काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो. मलेरिया तर विचारूच नका.

"सिस्टर," नामदेव म्हणाला, "आमच्या पाड्यावर बी डास हायेत. ल्हानपणापासून चावतात. तिकडचे काय निराळे?"

"डास असतील तसेच," सिस्टर म्हणाल्या. "दवाखाना निराळा आहे. सुरगाण्याला ताप आला की आधी बोटाला सुई टोचून रक्त बघतात. तिथे कोण बघणार?"

डॉक्टरांनी दार पूर्ण बंद केलं नाही. म्हणाले, लसी देता येतील, जवळ ठेवायला गोळ्या देता येतील. साइटपासून चांगलं हॉस्पिटल तास-दोन तासांवर असेल तर विचार करू, नसेल तर नाही. सगळं त्या एका प्रश्नावर येऊन थांबलं. आणि त्याचं उत्तर फाइलमधल्या साइटच्या फॉर्मवर मीच लिहिलं होतं: चार तास. चार तासही जास्तच होते, पण नामदेवचा चेहरा बघून डॉक्टर म्हणाले, कंपनीची गाडी चोवीस तास उभी ठेवली तर कदाचित जमेल.

"चार तास कोणी सांगितलं?" सिस्टरांनी मला विचारलं.

"कॉम्प्युटरवर नकाशा बघितला."

"नकाशाला ताप येत नाही, तिकीटवाले."

त्यांनी साइट मॅनेजरला फोन केला नाही. त्या कधीच करत नसत. मॅनेजर सगळं छान आहे असंच सांगतो म्हणत. त्यांनी कॅम्पवरच्या स्वयंपाक्याला फोन लावला. तो सिन्नरचा होता. आधी त्याच्या गुडघ्याची चौकशी केली, मग विचारलं, "मागच्या वेळी कोणाला हॉस्पिटलात नेलं, तेव्हा किती वेळ लागला?"

"स्टोअरकीपरला नेलं ना, सिस्टर. पाऊस होता. नदीवरचा पूल पाण्याखाली. गाडी अलीकडे उभी, मग होडी, मग पलीकडची गाडी शोधा. सकाळी सातला निघालो ते संध्याकाळी सहाला पोचलो."

मी मान खाली घातली. माझ्या चार तासांत पाऊसच नव्हता.

सिस्टर पेन हातात धरून बसल्या. त्यांना नामदेव आवडायचा. दवाखान्याची खिळखिळी खुर्ची त्यानेच जोडून दिली होती. एकदा पेन सहीच्या जागेपर्यंत गेलेलं मी पाहिलं. मग त्यांनी तिथे लिहिलं, "पाठवू नये." आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

खरा तमाशा त्यानंतर झाला. जीएम साहेब स्वतः दवाखान्यात आले. सिस्टरांनी कारण सांगितलं नाही. "कारण डॉक्टरांच्या फाइलीत आहे, आणि फाइल माझ्या कुलपात आहे." डॉक्टरांनीही तेवढंच सांगितलं. कारण बाहेर पडलं असतं तर नामदेवच्या नोकरीवर कोणी बोट ठेवलं असतं, हे त्यांना दिसत होतं. बाहेरून दुसरा वेल्डर आणेपर्यंत काम तीन आठवडे लांबलं आणि त्याचं खापर सिस्टरांवर फुटलं. कँटीनमध्ये लोक म्हणायचे, बाईने मुद्दाम पोराचं नाव कापलं, काहीतरी जुनी खुन्नस असणार. मला खरं माहीत होतं, आणि मी गप्प होतो, कारण त्यांनी एकदाच माझ्याकडे बघून सांगितलं होतं, "तिकीटवाले, पडद्यापलीकडचं पलीकडेच." त्या मात्र रोज त्याच कँटीनमध्ये, त्याच टेबलावर बसून डबा खायच्या. माझ्याने ते झालं नसतं.

नामदेव गावी जाईना. हार घालून निरोप दिलेला माणूस कोणत्या तोंडाने परत जाणार? हे कानावर आल्यावर एका रविवारी सिस्टर मला म्हणाल्या, "चला, सुरगाण्याला जाऊन येऊ." बसने सुरगाण्यापर्यंत गेलो. पुढे जीप. सिस्टरांनी दोन जीप सोडल्या, कारण त्यांत माणसं टपापर्यंत भरली होती. तिसरीत बसलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

पाड्यावर कंपनीची माणसं आली म्हटल्यावर पंधरा-वीस जण अंगणात जमले. नामदेवची आई नागलीची भाकर थापत होती, ती हात पुसत बाहेर आली. सिस्टर उभ्या राहूनच बोलल्या.

"नामदेवचं नाव मी कापलं. त्याच्यासारखा कारागीर आमच्या कंपनीत नाही. त्याचं काही चुकलेलं नाही. जाऊ दिलं नाही ते मी."

एक म्हातारबा म्हणाले, "का नाय जाऊ दिला?"

"ते मी सांगणार नाही."

"मंग आलात कशाला?"

"त्याचं काही चुकलं नाही, हे सांगायला."

एकेक जण उठून गेला. काहींच्या नजरा चांगल्या नव्हत्या. सिस्टरांनी भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, हात धुतला. निघताना आई दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "मी त्याला जीपखालून काढताना बघलाय, बाई. दुसऱ्यांदा नाय बघायचा मला." तिने सिस्टरांचा हात धरून ठेवला होता. तिला सगळं कळलं होतं. परतीच्या बसमध्ये सिस्टर नाशिकपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसल्या.

नामदेवला हे कळलं तेव्हा तो आणखी भडकला. घरी जाऊन माझी लाज काढली, म्हणाला.

चार महिन्यांनी टीम परत आली. सगळे धडधाकट. मोबाइलवर हत्तींचे फोटो, नदीचे फोटो, होडीत बसून काढलेले फोटो. नामदेव लांब उभा राहून बघत होता. मग तो तसाच दवाखान्यात गेला. मी तिथेच होतो.

"सगळे आले की नीट," तो म्हणाला. "कोणाला शिंक बी नाय आली. मला काय झालं असतं, सिस्टर?"

मी त्यांच्या जागी असतो तर काहीतरी भयंकर सांगितलं असतं. तिकडच्या तापाने गेलेल्या चार माणसांच्या गोष्टी रचल्या असत्या. त्याचा राग जावा म्हणून, आणि आपण बरोबर होतो हे त्याने मान्य करावं म्हणून. सिस्टर म्हणाल्या, "बहुतेक काहीच झालं नसतं."

"मंग?"

"बहुतेकवर मी सही करत नाही."

तो दार आपटून गेला. मी सिस्टरांकडे बघत राहिलो. आपण इतकी वर्षं एका छोट्या खोलीत बसणाऱ्या, पट्ट्या बांधणाऱ्या बाईशी बोलत होतो असं मला वाटत होतं. ही बाई केवढी मोठी आहे, ते मला त्या दिवशी कळलं. बॉयलर उभा राहिला की त्याचा फोटो निघतो, वर्तमानपत्रात येतो. जो ताप आलाच नाही त्याचा फोटो कोण काढणार? सिस्टर आयुष्यभर तेच काम करत होत्या, आणि कोणी आभार मानले नाहीत म्हणून त्यांना कधी खट्टू झालेलं मी पाहिलं नाही. खट्टू व्हायचं ते मीच त्यांच्या वतीने होत असे.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं नामदेव त्यांच्याशी बोलला नाही. पण लसीची चिठ्ठी गेली की यायचा. स्टुलावर बसायचा, बाही वर करायचा, तोंड भिंतीकडे. सिस्टर टोचायच्या, कापूस द्यायच्या, खिशात गोळ्यांची पट्टी आहे ना बघायच्या. "ताप आला की आधी ही गोळी, मग रिक्षा, मग मला फोन." तो मान हलवायचा आणि जायचा. दर वेळी हे असंच.

गेल्या मार्चमध्ये सिस्टर निवृत्त झाल्या. चार वाजता हॉलमध्ये केक, शाल, श्रीफळ असा कार्यक्रम होता. मी बोलवायला गेलो तर त्या अजून दवाखान्यात. स्टुलावर नामदेव, बाही वर केलेली. दरवर्षीची सर्दी-तापाची लस होती. शेजारच्या टेबलाशी नवी सिस्टर बसली होती, पंचविशीतली, रजिस्टर समजून घेत.

लस झाली. नामदेव उठला नाही.

"पुढची कोण देणार?" त्याने विचारलं. दोन वर्षांत त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"या नव्या सिस्टर."

"त्यांना ठाऊक हाय?"

"नाही." सिस्टरांनी कुलूप उघडलं, एक पातळशी फाइल काढली आणि त्याच्या हातात दिली. "ही तुझी. कोणाला सांगायचं, सांगायचं की नाही, ते आता तू ठरव. मी कोणाला बोलले नाही."

नामदेवने फाइल उघडली नाही. दोन्ही हातांत धरून बसला. "लय राग धरला मी तुमचा."

"धर की. राग धरायला तू आहेस, मला तेवढं पुरे."

हे त्यांनी कोट घडी करता करता सांगितलं. मग सगळ्यांना "येते" म्हणून बाहेर आल्या आणि पायरीशी चपला घालायला वाकल्या. मी दारात होतो. आत नामदेव उठून नव्या सिस्टरच्या टेबलासमोर जाऊन बसला. फाइल त्याने तिच्यापुढे ठेवली.

"सिस्टर, लिवून घ्या," तो म्हणाला. "मला प्लीहा नाय. ताप आला तर मला थांबता येत नाय." आवाज चांगला खणखणीत होता. बाहेर नंबर लावून उभे असलेले दोघे वळून बघायला लागले. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. ती मुलगी ऑपरेशनची खूण कुठे आहे विचारत होती, तर तो शर्टाची बटणं काढून दाखवायला लागला.

गांगुर्डे सिस्टरांनी एक चप्पल घातली होती. दुसरी तशीच राहिली. त्या पायरीवर बसल्या, कोटाची घडी मांडीवर घेऊन, आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मी हॉलमध्ये गेलो आणि जीएम साहेबांना सांगितलं, केक कापायला थोडा उशीर होईल.